लाकडी विमानातलं दीड मिनिट

दिवाळी अंकाच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "शेवंताबाई, तुम्ही विमान बनवलंत, त्यावर लिहा." मी विमान बनवलेलं नाही. मी सीटच्या खोळी शिवल्या. जवळजवळ चाळीस वर्षं बसच्या, आणि शेवटची दोन एका विमानाच्या. ते विमान अजून उडालेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहीन, आणि ज्यात माझी चूक होती तेही लिहीन.

नांदेडला बस बांधायचा एक कारखाना होता. नुसतं इंजिन आणि चाकं असलेला सांगाडा यायचा, त्यावर आम्ही पत्रा, खिडक्या, सीट चढवून बस रस्त्यावर पाठवायचो. सीटच्या खात्यात आम्ही दोघी बायका. मी आणि चंद्रकला. ती बेतायची आणि कापायची, मी शिवायची. तिच्या कात्रीला खडूची रेघ लागायची नाही. रेग्झिन टेबलावर पसरलं की ती एकदा हात फिरवायची आणि कापायला लागायची. मी म्हणायची, "चंद्रे, रेघ मार, वाया जाईल." ती म्हणायची, "तू तुझी मशीन बघ. कात्रीला काय सांगायचं ते मी सांगते."

खोळ शिवणं दिसतं सोपं, पण कपडा अंगावर जरा सैल चालतो, खोळ चालत नाही. सैल झाली की बसणारा घसरतो, घट्ट झाली की शिवण उसवते. शिवण कुठं घ्यायची हेही महत्त्वाचं. मांडीखाली आली तर लातूरहून पुण्याला जाईस्तोवर माणूस बेजार होतो. कडेला पायपिंग, म्हणजे आत दोरी घेतलेली गोल किनार, घातली की खोळ बसून राहते आणि दिसतेही चांगली. मला माझ्या पायपिंगचा गर्व होता, अजूनही आहे.

बसचे मालक यायचे त्यांची तऱ्हा एकच. सगळं पटलं की शेवटी म्हणायचे, "एक रांग अजून बसवा." प्रत्येकाला एक रांग अजून हवी असायची. मग गुडघ्याची जागा कमी व्हायची. एकानं तर संकटकाळच्या दाराला आडवी सीट लावून घेतली. मी त्या सीटची खोळ शिवली. पायपिंगसकट, छान शिवली. त्या बसचं पुढं काही झालं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

कारखाना पुढं मोडकळीला आला. आमचा मालक माणूस हुशार. बंगळूरची एक कंपनी फार मोठं प्रवासी विमान आखत होती, तिच्या नमुन्याच्या सीटचं काम त्यानं मिळवलं. नमुना बनणार होता लातूरला, एमआयडीसीतल्या रिकाम्या शेडमध्ये. मालक म्हणाला, "मावशी, दोघी चला. असं काम परत मिळणार न्हाई."

चंद्रकला म्हणाली, "ईमान? आपण बसलो तरी हाव का कधी?"

"बसायचं न्हाई, शिवायचंय," मालक म्हणाला.

लातूरला पोचलो त्या दिवशी शेडच्या मागच्या मैदानात मजूर फक्कीनं रेघा मारत होते. मला वाटलं खो-खोचं मैदान आखून राहिले. देशपांडे मॅडम म्हणून तिथं इंजिनियर होत्या, पुण्याच्या, चाळिशीच्या. त्या म्हणाल्या, "हे आपलं विमान. खऱ्या मापाचं." आम्ही दोघी नाकापासून शेपटीपर्यंत चालत गेलो. मध्ये चंद्रकलेनं चप्पल झटकली, पाणी प्याली, तरी शेपूट आली नाही. आणि याला दोन मजले. मी मॅडमना विचारलं, "एवढी माणसं येणार कुठून?"

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडूनच." आणि खरं होतं ते. नांदेडला विमान उतरायला लागलं तेव्हा आम्ही गच्चीवर जाऊन बघायचो. आता हदगावची माणसं मुलाकडं हैदराबादला जायला विमानाची चौकशी करतात. मॅडम म्हणाल्या, पुढं गर्दी वाढेल ती लहान गावांतली, पहिल्यांदा बसणाऱ्यांची. म्हणून कंपनीला आखणी करतानाच अशी माणसं आत बसवून पाहायची होती. लातूर त्यासाठीच निवडलं.

खरं विमान करायच्या आधी लाकडाचं करतात. पंख नाहीत, इंजिन नाही, नुसती आतली खोली. आमच्या वाट्याला वरच्या मजल्याचा मागचा भाग आला. तिथं विमान निमुळतं होतं, त्यामुळं मध्ये एकच वाट, दोन्ही बाजूंना सीट. तो भाग त्यांनी जमिनीवरच उभा केला होता.

कामाला लागलो आणि पहिला धक्का तराजूचा बसला. मी शिवलेली खोळ मॅडमच्या माणसानं तराजूवर टाकली. सोनाराकडं असतो तसा तराजू. म्हणाला, "जड आहे. पायपिंग काढा." मी म्हणाले, "पायपिंगचं असं वजन तरी काय असतं?" तो म्हणाला, "एका सीटचं काही नाही. सगळ्या सीटचं मिळून दोन माणसांचं भाडं बुडतं." मी पायपिंग काढली. मग रात्रभर विचार करून सकाळी दुसरी शिवण सुचवली. कापड आतल्या बाजूला दुमडून एकच टाका. तिनं वजनही वाचलं आणि खोळही बसून राहिली. ती शिवण त्यांनी ठेवली. तिचं चित्र काढून कागदावर छापलंय, खाली माझं नाव नाही.

दुसरा धक्का मोठा. दोन दिवस खपून शिवलेली खोळ त्यांनी सीटवर चढवली, शेडबाहेर नेली आणि माझ्यासमोर पेटवली. मशालीसारखी ज्वाळा सोडली आणि घड्याळ लावून बसले. चंद्रकला ओरडली, "अरे, काय करून राहिले हे? येडे झाले का?" मॅडमनी समजावलं. विमान जमिनीवर आपटलं तरी बहुतेक माणसं आपटून मरत नाहीत, धुरानं मरतात. म्हणून खोळ लवकर पेटता कामा नये. आणि म्हणूनच नियम आहे, विमान कितीही मोठं असो, अर्धी दारं बंद असोत, सगळी माणसं दीड मिनिटात बाहेर आली पाहिजेत.

मला खरं वाटेना. दीड मिनिटात आमच्याकडं बसमधून दहा माणसं उतरत नाहीत. एकाची पिशवी वर राहते, एकीची चप्पल सीटखाली जाते.

"दीड मिनिटात झालं नाही तर?" मी विचारलं.

"तर सीट कमी करायच्या. नाहीतर वाट रुंद करायची."

शेडमध्ये परत आल्यावर मी लाकडी विमानाच्या दाराकडं पाहिलं. दारालगत एक रांग होती, ती बाकीच्यांपेक्षा पुढं सरकलेली, वाटेत घुसलेली. मी ओळखलं. कुणीतरी म्हणालं असणार, एक रांग अजून. त्या रांगेच्या हात टेकायच्या दांडीला पुढं फट होती. मी मॅडमना दाखवलं. "इथं पदर अडकणार. बसमध्ये असंच व्हायचं. आम्ही तिथं रेग्झिनची टोपी शिवून घालायचो." मॅडमनी लिहून घेतलं. मोठ्या साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, साडीवाल्या बायकांना विमानात सूचना देऊ. मोठे साहेब बंगळूरचे, हिंदीत बोलायचे. माणूस वाईट नव्हता. त्याला ती रांग हवी होती.

दीड मिनिटाच्या सरकारी परीक्षेआधी कंपनीनं आपली घरची परीक्षा ठेवली. कधी विमानात न बसलेली माणसं बोलावली. बायका किती, म्हातारी माणसं किती, याचंही प्रमाण ठरलेलं. किल्लारीकडून जीपगाड्या आल्या. एका गावच्या बायका मात्र आल्याच नाहीत, गावात मयत झाली होती. म्हाताऱ्या बायका कमी पडल्या. मोठे साहेब आमच्या मशीनपाशी आले आणि म्हणाले, "आजी, आप दोनों बैठो."

आम्ही हौसेनं बसलो. चंद्रकला दारालगतच्या त्या रांगेत, वाटेच्या कडेला. मी तिच्या मागं. मी बसल्याबसल्या पदर कमरेला घट्ट खोचला, कारण ती फट मला माहीत होती. चंद्रकलेला सांगितलं नाही. वाटलं, तिलाही माहीत आहे.

ती मागं वळून म्हणाली, "शेवंते, ईमानात शेंगा देतात म्हणं."

"गप बस," मी म्हणाले.

दिवे गेले. मिट्ट अंधार, फक्त खाली जमिनीवर एक हिरवी पट्टी. घंटा सुरू झाली. एक दार उघडलं, एक बंदच राहिलं. पुढचे चार-पाच जण बाहेर पडले. चंद्रकला उठली, पाऊल टाकलं, आणि तिचा पदर त्या फटीत अडकला. ती वाटेत आडवी पालथी पडली.

आणि सगळं थांबलं.

मला वाटलं होतं मागून रेटा येईल, आपण चेंगरू. तसं काही झालं नाही. मागं चाळीसेक माणसं होती, ती जागच्या जागी उभी राहिली. आमच्याकडं आडव्या पडलेल्या माणसाला ओलांडत नाहीत. पोराला ओलांडलं तर त्याची वाढ खुंटते म्हणतात. चुकून ओलांडलंच तर उलटं फिरून परत ओलांडायचं, म्हणजे फिटतं. हे कुणी शिकवत नाही. झोपलेल्या माणसापाशी आलं की पाय आपोआप वळतो. इथं वळायला जागा नव्हती.

मागून एक बाप्या म्हणाला, "थांबा, बाई पडलीय. आधी तिला उठवा."

दुसरी म्हणाली, "ओलांडू नका गं माय, ओलांडू नका."

मी वाकून चंद्रकलेला ओढलं. अंगानं भारी, पदर फटीत पिळा पडून बसलेला, हलेना. घंटा वाजत होती. माझ्या डोळ्यांसमोर ती पेटवलेली खोळ आली. मी पाय उचलला आणि चंद्रकलेला ओलांडलं. पलीकडून मीच ओरडले, "ओलांडा! काही होत न्हाई, ओलांडा तिला!" एक जण आला, मग दुसरा, मग सगळेच. अंधारात कुणाचा तरी पाय तिच्या हातावर पडला. तिचं ओरडणं मी दारातून ऐकलं. मी परत आत गेले नाही.

बाहेर टाळ्या वाजत होत्या. दीड मिनिटाच्या आत झालं होतं. चंद्रकलेला शेवटी दोघांनी बाहेर आणलं. तिनं उजवा हात डाव्या हातात धरला होता. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "शेवंते, तू मला ओलांडलंस?"

दवाखान्यात प्लास्टर घातलं. अंगठ्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले जुळेल, पण कात्री धरण्याएवढी ताकद येईल असं सांगता येत नाही. खर्च कंपनीनं केला, ते म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी शेडमध्ये पेढे वाटले. मला दोन दिले. म्हणाले, "आजी, आपकी वजह से पास हुए." मी पेढे हातात घेऊन उभी राहिले. बाईचा हात मोडलाय आणि माणूस पेढे वाटतोय, याचा धक्का नव्हता तो. असली माणसं मी पाहिली आहेत. धक्का त्या शब्दांचा होता. माझ्यामुळं. म्हणजे मी नसते तर नापास.

मॅडम संध्याकाळी माझ्या मशीनजवळ येऊन बसल्या. तोंड उतरलेलं होतं. म्हणाल्या, "नियमानं तुम्हाला बसवायलाच नको होतं. ज्यांना ते विमान माहीत आहे, त्यांना घेता येत नाही. तुम्हाला दार कुठं आहे ते अंधारातही ठाऊक होतं. दीड मिनिट ठाऊक होतं."

"मग बसवलं कशाला?"

"माणसं कमी होती. मीही गप्प बसले."

"आता ती रांग राहणार?"

"कागदावर पास झालंय. राहणार."

मी घरी गेले, म्हणजे भाड्याच्या खोलीवर. चंद्रकला खाली सतरंजीवर पडली होती. मी भाकरी करून ताट पुढं ठेवलं. ती जेवली नाही. म्हणाली, "उलटी ओलांड मला. म्हणजे फिटलं."

मी म्हणाले, "चंद्रे, आपल्यात हे असलं कुठं आलं? आपण बुद्धाची माणसं."

"आपल्यात न्हाई, माझ्यात हाय," ती म्हणाली. "ओलांड."

मी ओलांडलं नाही. असलं काही मी मानत नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच मानायचं नव्हतं. मानलं असतं तर मी जे केलं ते पाप ठरलं असतं. आता वाटतं, पाय उचलायला काय जात होतं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली. त्यानंतर बरेच दिवस आम्ही एका खोलीत राहून बोललो नाही.

सकाळी मी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. म्हणाले, "साहब, वो पास मैंने कराया, लोगां ने नहीं. फिर से लो. मेरे बगैर."

ते हसले. म्हणाले, "आजी, सच्ची आग हो तो आदमी सब लांघ जाता है."

"तुमची ओलांडत असतील. माझी थांबली, मी डोळ्यानं बघितलं."

तासाभरात आमच्या मालकाचा नांदेडहून फोन. "मावशी, तुम्हाला काय करायचंय? खोळी शिवा ना. हे काम गेलं तर बारा घरं बसतील. तुमच्या हातचंबी जाईल."

मी म्हणाले, "त्या आडव्या सीटची खोळ शिवली तेव्हा तुम्ही असंच म्हणाला होतात."

"कोणती सीट?" त्याला आठवतही नव्हती. मी फोन ठेवला.

मी एकटी असते तर काही झालं नसतं. मॅडमनी कागद लिहिला की परीक्षेत नियम मोडला, त्यात आपलं नावही घातलं, आणि बंगळूरला पाठवला. महिनाभर कुणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. मग वरून हुकूम आला, परत घ्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला तेवढंच हवं असतं. ती दारालगतची रांग काढली. वाट रुंद केली. दांडीची फट बुजवली. आमच्या मालकाचं काम दुसऱ्याकडं गेलं. मॅडमची बदली झाली, वर की खाली ते मला कळलं नाही. चंद्रकलेचा अंगठा जुळला, पण कात्री धरता येत नाही. पोळ्या लाटते. मीही मशीन विकून टाकली. तिच्या कात्रीशिवाय दुसऱ्यानं कापलेल्या कापडावर मला सरळ शिवता येईना.

तर दुसरी परीक्षा. वाटेत कुणीतरी आडवं पडायला हवं होतं. जिवंत माणसाला आता कुणी पाडणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "एक बाहुली शिवाल? माणसाएवढी." मी कापड अंदाजानं बेतलं, वाकडंतिकडं कापलं, आत फोम आणि वाळूच्या पिशव्या भरल्या. वजन चंद्रकलेएवढं केलं. साडी कुठून आणायची म्हणून विचार करत होते, तेवढ्यात चंद्रकलेनं त्या दिवशीचं फाटलेलं लुगडं ट्रंकेतून काढून माझ्यापुढं टाकलं. पण बाहुलीला ते कसं नेसवायचं ते मला जमत नव्हतं, तेव्हा डाव्या हातानं निऱ्या तिनंच धरल्या.

यावेळी माणसं हदगावकडची, किनवटकडची, बसमधून आणलेली. आतलं काही त्यांना माहीत नव्हतं. बाहुली अंधार झाल्यावर वाटेत टाकणार होते. आम्ही दोघी बाहेर, दारासमोर. शेजारी मॅडम घड्याळ घेऊन. मोठे साहेब खुर्चीवर, पायावर पाय टाकून.

घंटा झाली. दार उघडलं. पाच माणसं बाहेर आली, एकामागं एक, दारापुढं टाकलेल्या गादीवर उडी मारून बाजूला झाली.

सहावं आलं नाही.

दार उघडं होतं, आत काळोख. मी त्या काळोखाकडं बघत राहिले. आत एवढी माणसं आणि एकही बाहेर येईना. आतून आवाज येत होते. "हळू," "डोकं सांभाळा," "पदर सोडवा आधी," "धीर धरा, मागच्यांनो." भांडण नाही, रेटारेटी नाही. मोठ्या साहेबांनी पाय खाली घेतला. ते उभे राहिले. दीड मिनिटाची शिट्टी वाजली, तरी दारात कुणी नव्हतं. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं आहे, पण दिवसाउजेडी, मोकळ्या दाराकडं बघून मला तशी भीती कधी वाटली नव्हती.

बऱ्याच वेळानं चार जण बाहुलीला उचलून बाहेर आले. दोघांनी पाय धरले होते, एकानं कंबर. एका म्हाताऱ्या बाईनं डोकं हातावर घेतलं होतं. उजेडात आल्यावर त्यांना दिसलं की ती बाई नाही, तोंडच नाही तिला. तरी गादीवर ठेवताना त्या बाईनं डोकं आपटू दिलं नाही, आणि गुडघ्यापर्यंत गेलेलं लुगडं खाली ओढलं. त्यांच्यामागं बाकीचे आता कुठं उतरायला लागले होते, शिस्तीत.

चंद्रकला कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "एकानंबी ओलांडलं न्हाई."

"हाव," मी म्हणाले. "आणि आग असती तर सगळी मेली असती."

ती उतरणाऱ्या माणसांकडं बघत होती. मोजत असावी. शेवटचा माणूस उतरला तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी तूबी थांबली असतीस, तर मेलेल्यातली एक मीच ना."

मी हो म्हणाले.